मंगळवारचे आकडे

पाणी घालून साडेचार तास झाले होते. धाकटी चष्म्याच्या दुकानात मागच्या टेबलाशी बसून एका काचेची कड घासत होती आणि तिचं लक्ष घरच्या काड्यांकडे होतं.

अंगणात एक्केचाळीस बोन्साय होते आणि प्रत्येक कुंडीत एक साधी लाकडी काडी खोचलेली होती. काडी उपसून पाहायची. ओली असली की लाकूड गडद दिसतं, सुकली की फिकं. बोटाला फक्त वरची माती कळते, काडीला तळाची. सहा आठवड्यांपूर्वी सकाळी सातला पाणी घातलं की संध्याकाळीही काडीचं टोक गडद असायचं. आता ते साडेअकरालाच फिकं पडत होतं.

"दहा मिनिटांत आले," ती उठत म्हणाली.

दुकानाच्या मालकांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. "काल दहा मिनिटं, परवा दहा मिनिटं. एकदाची ती झाडं इथंच आणून ठेवा ना. त्यांचेही नंबर काढून देतो."

ती हसली नाही. स्कूटर काढून तीन चौक ओलांडून ती अंगणात शिरली, तेव्हाही हेल्मेट डोक्यावरच होतं. मोठ्या मेपलची काडी उपसली. फिकी. पानांच्या कडा तपकिरी होऊन आत वळल्या होत्या, कुणी मेणबत्तीवर धरल्यासारख्या. काल अशी अकरा पानं होती. आज तिने तीस मोजली आणि पुढे मोजणं सोडून दिलं.

हे अंगण तिच्या वडिलांचं. ते भूगोलाचे शिक्षक होते, निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी गाव त्यांना सरच म्हणायचं. सहा आठवड्यांपूर्वी त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि जिना चढायला नको म्हणून ते थोरल्या मुलाकडे, दादाकडे, राहायला गेले. जाताना कुबड्या टेकत अंगणाच्या दारात थांबले आणि धाकटीला म्हणाले, "मी येईपर्यंत झाडं शाबूत ठेवलीस तर हे अंगण तुझं. नाहीतर सगळी मंडळाला देऊन टाकतो. माझ्याच्यानं आता होणार नाही."

मंडळ म्हणजे सरांकडे बोन्साय शिकलेली दहा-बारा माणसं. रविवारी सर परतणार होते आणि निकाल ऐकायला मंडळही येणार होतं. आज सोमवार होता.

धाकटी चौतीस वर्षांची. बारा वर्षांची असल्यापासून ती या घरात माती चाळत आली होती. विटांचा चुरा एका चाळणीतून, खडी दुसऱ्या चाळणीतून, पानांचं कुजवलेलं खत तिसऱ्या. एक्केचाळीस कुंड्यांतली माती तिची होती. झाड एकही नव्हतं. "आधी माती कळू दे," सर म्हणायचे. ते म्हणायला लागून बावीस वर्षं झाली होती.

फोन वाजला. दादाचा नंबर, पण आवाज सरांचा.

"काडी?"

"साडेअकराला कोरडी."

"पाणी किती वाजता घातलं होतंस?"

"सातला. खालून निघेपर्यंत, दोनदा."

"मग साडेअकराला कोरडी होईलच कशी? अठरा वर्षं मी त्याच कुंडीत त्याच मातीला एकदाच पाणी घालतोय."

"बाबा, मला काय माहीत!"

"माहीत नाही हे माहीत आहे मला. अर्धं लक्ष दुकानात, अर्धं घरात. झाडाला कळतं ते."

मागून दादा म्हणाला, "बाबा, डॉक्टरांनी चिडायला मनाई केलीय. आणि तू गं, जरा नीट बघ ना. झाडंच आहेत, हत्ती नाहीत."

"मग तू ये नीट बघायला," धाकटी म्हणाली आणि फोन ठेवून पुन्हा पाणी घातलं.

त्या संध्याकाळी तिने सगळं करून पाहिलं. जुन्या चादरी बांधून सावली केली. मातीवर ओलं शेवाळ पसरलं. मेपल कुंडीतून काढून मातीत जास्त खत मिसळावं, म्हणजे ओल धरेल, असं तीनदा मनात आलं आणि तीनदा तिने हात मागे घेतला. भर उन्हाळ्यात मुळं उघडी केली तर उरलेली पानंही जातील, एवढं तिला कळत होतं. रात्रीचं जेवण तिने अंगणात उभ्याउभ्याच केलं.

मंगळवारी सकाळी सिस्टर आल्या. तीस वर्षं नर्सची नोकरी करून निवृत्त झालेल्या, मंडळातल्या सगळ्यात जुन्या विद्यार्थिनी. सरांसाठी उशी शिवून आणली होती. ती त्यांनी खुर्चीवर ठेवली आणि मेपलसमोर वाकून बराच वेळ बघत राहिल्या.

"माझे चारही असेच गेले," त्या म्हणाल्या.

"कसे असेच?"

"अगदी असेच. आधी कडा, मग आख्खं पान, मग फांदीचं टोक. प्रत्येक वेळी पहिल्याच उन्हाळ्यात. माती सरांच्या पत्रकाप्रमाणे, पाणी पत्रकाप्रमाणे. सर म्हणाले, सिस्टर, तुमचा हात जड आहे. पाचवा आणायची हिंमत झाली नाही बाई."

पत्रक म्हणजे सरांनी बारा वर्षांपूर्वी छापलेली चार पानं, 'आपल्या हवेला साजेसं बोन्साय'. गावातल्या प्रत्येक रोपवाटिकेत ते फुकट मिळायचं. गावचा हिवाळा किती थंड, उन्हाळा किती गरम, हवेत ओल किती, याचे सरांनी स्वतः घेतलेले सरासरी आकडे पहिल्या पानावर होते. दुसऱ्या पानावर झाडांची यादी, आणि यादीत पहिला मेपल. त्याला थंड हिवाळा लागतो, तो इथे आहे. उन्हाळ्यात हवेत ओल लागते, तीही आकड्यांप्रमाणे पुरेशी आहे. तिसऱ्या पानावर माती: तीन भाग विटांचा चुरा, एक भाग खडी, एक भाग खत. पाणी पटकन निचरून जाणारी माती, कारण हवा दमट.

सिस्टर गेल्यावर धाकटी दुकानात जायला निघाली, गेटपर्यंत गेली आणि परत फिरली. सरांच्या मेपलला सिस्टरांच्या मेपलचं दुखणं कसं काय झालं? हात तर वेगवेगळे होते.

अंगणाच्या मागच्या भिंतीवर सरांचं आर्द्रतामापक टांगलेलं होतं. सकाळी आठ आणि दुपारी दोन, रोज दोनदा आकडा वहीत उतरवायचा, हा घरचा नियम. सर दादाकडे गेल्यापासून धाकटीही उतरवत होती, दात घासावेत तसं, न बघता. आता तिने वही उघडून बघितलं. दुपारचे आकडे: अठ्ठावन्न, साठ, एकसष्ट, सत्तावन्न. मग पाच आठवड्यांपूर्वीच्या एका गुरुवारी, तेवीस. त्यानंतर रोज वीस-पंचवीस.

उपकरण बिघडलं असेल असं आधी वाटलं. तिने ते काढून ओल्या फडक्यात गुंडाळलं. काटा मुकाट्याने वर चढला. उघड्यावर ठेवलं, उतरला. बिघडलेलं नव्हतं.

तिने कपाटातून जुन्या वह्या काढल्या. अठरा वर्षांच्या अठरा. दुकानात फोन करून सांगितलं, आज येत नाही. मालक म्हणाले, "झाडं आजारी का?" ती "हो" म्हणाली आणि त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

जुन्या वह्यांत उन्हाळ्याचे आकडे भरघोस होते, साठच्या आसपास. पण आठवड्यातून एकदा मध्येच एखादा बावीस किंवा चोवीस यायचा. सरांनी त्यापुढे पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह केलं होतं आणि महिन्याची सरासरी काढताना तो आकडा गाळला होता. तिने तारखांचे वार काढले. मंगळवार. पुढचा, मंगळवार. मागच्या वर्षीचा, मंगळवार. अठरा वर्षं, दर मंगळवारी या अंगणातली हवा कोरडी पडत होती.

आजही मंगळवार होता. अंगणात शांतता होती, आणि शांतता का होती ते तिच्या लक्षात आलं. भिंतीपलीकडे लाँड्री होती आणि लाँड्रीला मंगळवारी सुट्टी.

ती स्टुलावर चढली. आर्द्रतामापकापासून हातभर अंतरावर भिंतीला नव्या सिमेंटचं गोल ठिगळ होतं, जेवणाच्या ताटाएवढं. इथून लाँड्रीची नळी अंगणात तोंड काढून होती. दर थोड्या वेळाने फुस्स करून वाफ सोडायची. सर तिच्यावर अठरा वर्षं चिडले होते. पालिकेत अर्जांवर अर्ज केले होते. शेवटी पाच आठवड्यांपूर्वी हुकूम निघाला, सर तेव्हा अंथरुणावर होते. हुकमाची प्रत धाकटीनेच सही करून घेतली होती. गवंडी भोक बुजवून गेला त्या दुपारी तिने सरांना फोन केला होता: "बाबा, जिंकलात!"

तो गुरुवार होता.

ती स्टुलावरून उतरली, बसली, उठली, परत चढून ठिगळावर हात फिरवला.

बुधवारी लाँड्री उघडायच्या आधीच ती दारात उभी होती. लाँड्रीवाले शटर वर करता करता थांबले. "सरांची तब्येत बरी ना?"

"रविवारी येतायत. काका, एक काम होतं. ती नळी."

"वळवली की! आता रस्त्याच्या बाजूला सोडतो वाफ. का, रस्त्यावरूनही त्रास होतो का सरांना?"

"परत अंगणात सोडता येईल का?"

लाँड्रीवाल्यांनी शटरची काठी भिंतीला टेकवून ठेवली. "अगं, जरा बाहेर ये," त्यांनी बायकोला हाक मारली. "ऐक हे. सरांच्या मुलीला वाफ परत हवीय."

लाँड्रीवाल्या काकू हात पुसत आल्या आणि धाकटीकडे नीट बघून म्हणाल्या, "ही चेष्टा करत नाहीये."

"सात अर्ज केले तुमच्या वडिलांनी," काका म्हणाले. "सात! चौथ्यात तर माझ्या वाफेचं तापमान लिहिलं होतं. मला स्वतःला ठाऊक नव्हतं. आता पालिकेचा शिक्का बसलाय. परत भोक पाडलं तर परवाना माझा जाईल, त्यांचा नाही."

धाकटीने वही काउंटरवर उघडून मंगळवार दाखवले. काका चष्मा शोधेपर्यंत काकूंचं वाचून झालं होतं.

"म्हणजे इतकी वर्षं तुमची झाडं आमच्या इस्त्रीवर जगत होती," त्या म्हणाल्या. "आणि आम्हाला शिव्या."

"हो," धाकटी म्हणाली.

काकूंना हे उत्तर आवडलं असावं. "रबरी पाइप लावून भिंतीवरून दोन तास सोडा हो. भोक नाही, काही नाही. खरं-खोटं तरी कळेल."

"दोन तास," काका म्हणाले. "मग बंद. आणि सरांना सांगायचं नाही."

"सांगावंच लागेल," धाकटी म्हणाली.

शुक्रवारी दुपारी बारा ते दोन भिंतीवरून वाफ आली. दोनला काटा छप्पन्नवर होता आणि मोठ्या मेपलची काडी गडद. पाइप काढला. साडेतीनला काटा चोवीसवर होता.

शनिवारी ती दुकानात गेली आणि एका गिऱ्हाइकाची डावी काच उजवीकडे बसवली.

रविवारी सकाळी नऊला दादा सरांना घेऊन आला. सर घरात न जाता सरळ अंगणात गेले. प्रत्येक कुंडीपाशी थांबले. फायकस, ऑलिव्ह, बोगनवेल ठीकठाक होते. पाच मेपल अर्धे करपलेले. सर मोठ्या मेपलपाशी काठीवर रेलून उभे राहिले. दादा बहिणीकडे बघून हळूच म्हणाला, "सॉरी म्हणून टाक ना. विषय संपेल."

सरांनीही तीच वाट दाखवली. "चुकतं माणसाचं," ते म्हणाले. आवाज अपेक्षेपेक्षा मऊ होता. "नवा हात आहे. पाणी राहिलं असेल एखाद्या दिवशी. तेवढं कबूल कर, मी मंडळाला समजावतो."

"पाणी राहिलं नाही, बाबा."

तिने वह्या खुर्चीवर मांडल्या. मंगळवार दाखवले, गुरुवार दाखवला, शुक्रवारचे दोन तास दाखवले, ठिगळ दाखवलं. भूगोलाच्या वर्गात नकाशा उलटा टांगलेला सापडावा तसे सर भिंतीकडे बघत होते.

"म्हणजे अठरा वर्षं मी चुकीचं मोजलं म्हणतेस."

"मोजलंत बरोबर. टांगलंत चुकीच्या जागी."

सर आत गेले आणि त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं. धाकटी अंगणात खुर्च्या मांडत राहिली, मग मांडलेल्या खुर्च्या पुन्हा सरळ करत राहिली. दादा म्हणाला, "घालवलंस अंगण."

अकरा वाजता मंडळ आलं. सर बाहेर येऊन सिस्टरांनी आणलेल्या उशीवर बसले. सगळे मेपलकडे बघत होते आणि बघत नसल्याचं दाखवत होते. मंडळाचे चिटणीस, व्यवसायाने शिंपी, घसा साफ करून म्हणाले, "सर, यंदा ऊन जरा जास्तच आहे, नाही का?"

"सिस्टर," सर म्हणाले, "तुमची गच्ची कशी आहे?"

"गच्चीसारखी. ऊन आणि वारा."

"शेजारी काय आहे?"

"पाण्याची टाकी. तीही बहुतेक रिकामी."

दोघं-तिघं हसले.

"मग चार-चार मेपल कुणाच्या भरवशावर आणलेत तुम्ही?"

"तुमच्या पत्रकाच्या, सर."

आता कुणी हसलं नाही. सरांनी काठीने भिंत दाखवली. "पत्रकातला आर्द्रतेचा आकडा या भिंतीचा आहे. गावाचा नाही. गावच्या हवेत उन्हाळ्यात याच्या निम्मीही ओल नाही. म्हणजे झाडांची यादी चुकली, आणि मातीही चुकली. कोरड्या हवेत ती माती चार तासांत सुकणारच." मग उपकरणाकडेच बघत ते म्हणाले, "तुमचा हात जड नव्हता."

सिस्टरांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "बारा वर्षं मी याला बोल लावतेय, सर. तीस वर्षं इंजेक्शनं दिली या हातानं. एकानंही तक्रार केली नाही."

"मी केली," सर म्हणाले. "चूक केली."

चिटणिसांना गप्प बसवेना. "मग अंगणाचं काय ठरलं?"

"हिला विचारा, काय काय ठेवणार ते."

सगळ्यांच्या माना वळल्या. धाकटी उभीच होती. सकाळपासून बसली नव्हती. "फायकस, ऑलिव्ह, बोगनवेल राहतील. त्यांच्या मातीत पुढच्या मोसमात खताचा भाग दुप्पट करायचा, चुरा कमी. मेपल पाचही जातील."

"पाचही?" सर म्हणाले.

"पाचही."

"मोठा?"

"तो आधी."

सरांच्या काठीचं टोक फरशीवर एकदा वाजलं. "आठवा अर्ज करतो मी पालिकेत. नळी पूर्ववत करा म्हणून. नाक घासून करतो. मग तर राहील?"

"लाँड्री उद्या बंद झाली तर? आणि मंगळवार आहेच. बाबा, दर मंगळवारी तो तहानेला असायचा. तुम्ही आकडा गाळायचात, तहान नाही गाळता यायची त्याला."

"आणि मी म्हटलं, मोठा ठेवणार नसशील तर अंगण मंडळाला?"

धाकटीने एकदा मंडळाकडे पाहिलं. हातातली काडी ती कधीपासून बोटांत फिरवत होती. "तर मंडळालाही मी हेच सांगेन."

सरांनी खिशातून पेन काढलं. मग दादाला म्हणाले, "कागद आण. रेघांचा."

चहा होऊन कप विसळले गेले तरी ते लिहीत होते. लिहून झाल्यावर कागद घडी न घालता त्यांनी धाकटीच्या हातात दिला. पालिकेचा पत्ता नव्हता. लाँड्रीचा होता. खाली, सातही अर्जांत होती तशीच रेघ मारून लिहिलं होतं: 'विषय: एका झाडास आपल्या नळीशेजारी जागा मिळणेबाबत.'

"चार लहान मेपल डोंगरावरच्या शाळेत पाठव," ते म्हणाले. "तिथे माझा एक विद्यार्थी शिकवतो. तिथलं धुकं खरं आहे. मोठ्याला एवढा प्रवास झेपणार नाही." आणि उठता उठता म्हणाले, "अंगणाच्या किल्ल्या खिळ्याला आहेत. तुझ्याच आहेत."

सोमवारी सकाळी लाँड्रीवाल्यांनी अर्ज दोनदा वाचला. "यात तापमान लिहिलेलं नाही," ते म्हणाले. काकूंनी तोवर टेप काढून रस्त्याकडच्या कट्ट्याची रुंदी मोजली होती. कुंडी बसत होती, चार बोटं उरत होती.

"आणि मंगळवारी?" त्यांनी विचारलं.

"मंगळवारी मी येऊन फवारा मारेन. जगेल तोवर जगेल."

दुसऱ्या दिवशी, साडेअकराला, दुकानात काच घासता घासता धाकटीचा हात थांबला. मालकांनी भिंग काढलं. "दहा मिनिटं?"

"वीस."

आधी ती लाँड्रीपाशी गेली. शटर बंद होतं आणि बंद शटरसमोर, कट्ट्यावर आणून ठेवलेल्या मोठ्या मेपलशेजारी, सर घरून आणलेल्या स्टुलावर बसले होते, हातात फवाऱ्याची बाटली.

"मी येणार होते ना!"

"तू उशिरा आलीस. काडी बघ."

तिने बघितली. अर्धी गडद, अर्धी फिकी. करपलेल्या फांद्यांवर अजून नवं पान नव्हतं. सर म्हणाले, "मशीन दर नऊ मिनिटांनी वाफ सोडतं. काल मोजलं. लाँड्रीवाला दहा म्हणतो, त्याला काही कळत नाही."

तिथून ती सिस्टरांच्या गच्चीवर गेली. रविवारी संध्याकाळीच तिने आर्द्रतामापक अंगणातल्या भिंतीवरून काढून टाकीच्या सावलीच्या बाजूला, भिंतीपासून वीतभर दूर टांगलं होतं. अंगणातले मेपलचे पाचही ओटे आता रिकामे होते आणि ते कशाने भरायचे हे तिने ठरवलं नव्हतं. सिस्टर कालपासून नवी नवी नावं सुचवत होत्या. वर्षभराचे आकडे आल्याशिवाय एकही रोप आणायचं नाही, एवढंच तिचं ठरलं होतं, आणि तेवढं वर्ष थांबवेल की नाही याची तिलाच खात्री नव्हती.

"काल किती होता?" सिस्टरांनी जिन्यातून विचारलं.

"बावीस."

"आज?"

ती चवड्यांवर उभी राहिली. काटा बावीसवर होता. तिने नव्या वहीत तो उतरवला, पुढे वार लिहिला, मंगळवार, आणि पेन्सिल खिशात टाकून दोन-दोन पायऱ्या सोडत खाली उतरली.